एका डोळ्याचे दोन आकडे

चष्म्याच्या नंबरचा कागद आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असतो. कपाटाच्या कुठल्या तरी खणात, विजेची बिले आणि जुन्या लग्नपत्रिका यांच्यामध्ये तो पडलेला असतो. त्यावर प्रत्येक डोळ्यासमोर तीन रकाने असतात. पहिला स्फेरिकल, म्हणजे आपण ज्याला नुसता नंबर म्हणतो तो. दुसरा सिलिंडर. तिसरा अ‍ॅक्सिस, म्हणजे तो सिलिंडर किती अंशांच्या कोनात बसवायचा याची सूचना. पहिला रकाना सर्वांना कळतो. त्यावरून माणसे एकमेकांशी तुलनाही करतात. उरलेल्या दोन रकान्यांविषयी मात्र कुणी फारसे बोलत नाही. फार तर आपल्याला तिरपा नंबर आहे, एवढे सांगून विषय संपतो.

माझी सारी नोकरी बँकेत रकाने तपासण्यात गेली. त्यामुळे हा कागद पाहिला की मला एक प्रश्न पडतो आणि तो अनेकांना पडत असणार. या तीन आकड्यांचा मिळून एकच आकडा करता येणार नाही का?

करता येतो. त्याचा नियम चौथीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. सिलिंडरचा आकडा निम्मा करायचा आणि तो पहिल्या नंबरात मिळवायचा. समजा, नंबर उणे २ आणि सिलिंडर उणे ०.५० आहे. सिलिंडरचे निम्मे उणे ०.२५. म्हणजे एकच काच द्यायची तर उणे २.२५ ची. डोळ्यांचे डॉक्टर याला स्फेरिकल इक्विव्हॅलंट म्हणतात; आपण सरासरीचा नंबर म्हणू. तो काढला की अ‍ॅक्सिसचा रकाना आपोआप गळून पडतो, कारण गोल काच कशीही फिरवली तरी तीच राहते.

आता दुसरे उदाहरण घ्या. नंबर अधिक १, सिलिंडर उणे २. निम्मे करा, मिळवा. उत्तर येते शून्य. कागदावर या माणसाला चष्म्याची गरजच उरत नाही. प्रत्यक्षात त्याला दूरची पाटी स्वच्छ दिसत नाही आणि जवळच्या अक्षरांनाही सावली दिसते. हिशेब बरोबर आणि माणूस अडचणीत, असा हा प्रकार आहे.

हे कोडे समजून घ्यायचे तर ज्या माणसाने सिलिंडरची काच पहिल्यांदा मोजून, घडवून घेऊन स्वतःच्या डोळ्यावर लावली, त्याच्याकडे जायला हवे. त्याचे नाव जॉर्ज बिडेल एअरी. इंग्लंडचा हा राजज्योतिषी आपल्याकडे खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाच ठाऊक असतो. पण आपल्या मनगटावरचे घड्याळ आणि नाकावरचा चष्मा या दोन्हींशी त्याचा संबंध आहे.

एअरीचा जन्म २७ जुलै १८०१ चा, इंग्लंडच्या उत्तरेकडील अ‍ॅनिक गावातला. वडील अबकारी खात्यात नोकरीला होते. मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना ती नोकरी गेली आणि घर अडचणीत आले. आपल्याकडे अशा वेळी मामा धावून येतो. तिथेही तसेच झाले. इप्सविच शहराजवळ प्लेफर्ड नावाच्या खेड्यात त्याचे मामा आर्थर बिडेल शेती करत. शेतकरी असूनही त्यांच्याकडे चांगला ग्रंथसंग्रह होता. सुट्टीत मामाकडे जायचे आणि पुस्तकांत डोके घालून बसायचे, हा या पोराचा क्रम झाला. यंत्रे, आकाश, प्रकाश यांची गोडी त्याला तिथेच लागली. १८१९ साली तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला, तोही गरीब विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सवलतीवर. जानेवारी १८२३ मध्ये गणिताच्या अंतिम परीक्षेत तो विद्यापीठात पहिला आला.

याच जानेवारी महिन्यात, २० तारखेला, आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन नावाचा एक वृद्ध इंग्रज अधिकारी मरण पावला. १८०२ पासून तो दक्षिणेकडून एकेक त्रिकोण मोजत हिंदुस्थानची भूमापन मोहीम उत्तरेकडे नेत होता. त्याची समाधी हिंगणघाटलाच आहे. केंब्रिजचा विद्यार्थी आणि हिंगणघाटचा म्हातारा यांची गाठ पुढे पडते. तूर्त एअरीच्या डोळ्याकडे वळू.

वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास एअरीच्या लक्षात आले, की वाचताना आपला डावा डोळा कामच करत नाही. सारे काम उजवा डोळा करतो आणि डावा नुसता सोबत असतो. दोन्ही डोळे उघडे असताना हे कळतच नाही, म्हणून इतकी वर्षे ते कळले नव्हते. त्याने नेहमीची अंतर्गोल काच लावून पाहिली. उपयोग झाला नाही. दुसरा कुणी असता तर एक डोळा अधू आहे असे म्हणून गप्प बसला असता. एअरीने त्या डोळ्याची मोजणी सुरू केली.

साधन अगदी घरगुती होते. काळ्या केलेल्या कार्डाला बारीक छिद्र पाडायचे, ते उजेडासमोर धरायचे आणि डाव्या डोळ्याच्या जवळ-दूर नेत पाहायचे. छिद्र म्हणजे एक ठिपका. पण या डोळ्याला तो कोणत्याच अंतरावर ठिपक्यासारखा दिसेना. सहा इंचांवर त्याची एक बारीक रेघ व्हायची, उभ्या दिशेपासून सुमारे ३५ अंश कललेली. साडेतीन इंचांवर पुन्हा रेघ, पण पहिलीशी काटकोन करणारी. मधल्या अंतरांवर नुसता धुरकट डाग.

यातला अर्थ समजायला स्वयंपाकघरातला चमचा पुरे. चमच्याच्या पाठीवरून बोट फिरवा. लांबीच्या दिशेने बाक कमी, रुंदीच्या दिशेने जास्त. चेंडूचे तसे नसते. तो कुठूनही सारखाच. निर्दोष डोळ्याचा पुढचा पडदा चेंडूच्या तुकड्यासारखा असतो. एअरीच्या डाव्या डोळ्याचा चमच्यासारखा होता. त्यामुळे एका दिशेचे किरण एका अंतरावर जुळत आणि आडव्या दिशेचे दुसऱ्याच अंतरावर. एका डोळ्याला दोन नंबर, असा हा दोष. थॉमस यंग या शास्त्रज्ञाने तो १८०१ साली स्वतःच्या डोळ्यात पाहून मांडला होता. पण त्यावर चष्मा करून घ्यावा इतका त्रास यंगला नव्हता. एअरीला होता.

निदान झाल्यावर उपाय त्याने कागदावर काढला. काचेची एक बाजू नेहमीसारखी गोलाकार खोल करायची आणि दुसरी बाजू लाटणे उभे दाबल्यावर कणकेत जसा खड्डा पडेल तशी, म्हणजे एकाच दिशेने खोल. पहिली बाजू दोन्ही दिशांचा समान दोष काढील आणि दुसरी फक्त उरलेला फरक. इप्सविचच्या फुलर नावाच्या चष्मेवाल्याने ती काच घासून दिली. काच डोळ्यावर आली आणि डावा डोळा वाचू लागला. फेब्रुवारी १८२५ मध्ये केंब्रिजच्या विद्वत्सभेपुढे त्याने हा निबंध वाचला. १८२७ मध्ये तो छापून आला. या दोषाला नाव दिले ट्रिनिटीतल्याच विल्यम व्हेवेलने, ग्रीक भाषेतून: अ‍ॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे बिंदू न जुळणे. आपण त्याला दृष्टिवैषम्य म्हणू.

आता आपला सरासरीचा नियम एअरीच्याच डोळ्याला लावून पाहू. आज नंबर ज्या डायॉप्टरमध्ये मोजतात, तो मापनाचा प्रकार १८७२ मध्ये मोनोयर या फ्रेंच डॉक्टरने सुचवला. एअरीकडे फक्त इंच होते. पण इंचांवरून हिशेब होतो. सहा इंच म्हणजे सुमारे उणे साडेसहा. साडेतीन इंच म्हणजे सुमारे उणे सव्वाअकरा. सरासरी जवळजवळ उणे नऊ. ही नऊ नंबरची गोल काच लावली असती, तर एका दिशेला ती सव्वादोनपेक्षा अधिक नंबराने जास्त झाली असती आणि दुसऱ्या दिशेला तेवढीच कमी. रेघ गेली असती, जागी गोल डाग आला असता. स्टुर्म या गणितज्ञाने १८३८ मध्ये नेमके हेच दाखवले: दोन रेघांच्या मधोमध एक जागा असते, जिथे डाग सर्वांत लहान आणि गोल असतो. सरासरीची काच आपल्याला त्या डागावर नेऊन उभी करते. डाग बारीक असेल तर मेंदू तो चालवून घेतो. मोठा असेल तर नाही.

पिकाचा अंदाज ऐकण्याची सवय असलेल्या आमच्या उमरखेड तालुक्यात हे समजावणे सोपे आहे. पैनगंगेच्या काठची काळी जमीन आणि वरच्या अंगाची बरड, दोन्ही एकाच गावात. पाऊस कमी झाला की काठचे वावर ऐंशी पैसे पिकते आणि बरडावरची पराटी वीस पैशांवर करपते. गावाची पैसेवारी मांडली की पन्नास पैसे. कागदोपत्री हिशेब चोख असतो. पण पन्नास पैसे पिकलेले वावर गावात एकही नसते. पीककर्जाची प्रकरणे हाताळताना हा आकडा माझ्यासमोर वर्षानुवर्षे आला. साठ पैसे आणि चाळीस पैसे यांची सरासरी पन्नास असेल, तर तिच्यावर काम भागते. ऐंशी आणि वीस यांचीही सरासरी पन्नासच असते, पण तिच्याआड एक शेतकरी बुडालेला असतो. सरासरी सांगताना तिच्या दोन टोकांमधले अंतरही सांगावे लागते. चष्म्याच्या कागदावरचा दुसरा रकाना तेच अंतर सांगतो.

एअरीचे पुढचे आयुष्य पाहिले तर या एका गोष्टीभोवती ते कितीदा फिरले याचे नवल वाटते. १८२६ मध्ये तो केंब्रिजला न्यूटनच्या गादीवरचा प्राध्यापक झाला. पगार मात्र वर्षाला ९९ पौंड. त्याआधी १८२४ मध्ये पायी प्रवासात त्याला रिचर्डा स्मिथ ही मुलगी भेटली आणि काही दिवसांतच त्याने तिला मागणी घातली. मुलीच्या धर्मोपदेशक वडिलांनी नकार दिला, कारण जावयापाशी संसाराला पुरेल असे काही नव्हते. दोघे थांबली. १८२८ मध्ये त्याला अधिक पगाराचे पद मिळाले आणि १८३० मध्ये लग्न झाले. १८७५ मध्ये तिचे निधन होईपर्यंत तो संसार टिकला.

लग्नाच्याच वर्षी त्याने पृथ्वीच्या आकाराविषयी मोठा लेख लिहिला. पृथ्वी गोल आहे हे शाळेत ठीक. सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरली की भूगोलाचा तास पार पडतो. पण विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. डोळ्यासारखेच पृथ्वीलाही दोन बाक आहेत. एअरीने देशोदेशीच्या मोजण्या एकत्र करून हे दोन आकडे काढले. त्यांत हिंदुस्थानातल्या मोजणीचेही आकडे होते. ब्रिटनचे अधिकृत नकाशे आजही त्याच्या आकड्यांवर उभे आहेत. हिंगणघाटच्या म्हाताऱ्याची आणि त्याची गाठ पडली ती इथे. लॅम्बटनची ती रेघ बीदरवरून आपल्या वऱ्हाडात एलिचपूरच्या बाजूला गेली होती. नकाशावर या दोन गावांना सुताने जोडले तर ते सूत उमरखेडपासून फार लांबून जात नाही.

लॅम्बटननंतर ही मोजणी जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयापर्यंत नेली. मध्य हिंदुस्थानातील कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना या दोन ठाण्यांमधले अंतर जमिनीवर मोजले आणि ताऱ्यांवरूनही काढले, तेव्हा दोन्हींत ५.२३६ विकलांचा फरक आला. एव्हरेस्टने ती साचत गेलेली चूक समजून साऱ्या मोजणीत वाटून टाकली. हिशेब जुळेना की फरक इकडेतिकडे वाटून ताळेबंद बसवायचा, हा मोह सगळीकडे सारखाच. कलकत्त्याच्या प्रॅट नावाच्या धर्मोपदेशकाने ते मान्य केले नाही. हिमालयाच्या ओढीने ओळंबा कलतो हे धरून त्याने गणित केले, तर फरक १५.८८५ विकलांचा यायला हवा होता. म्हणजे प्रत्यक्षातला फरक एक तृतीयांशच. १८५५ मध्ये एअरीने त्याचा अर्थ लावला: डोंगराला खाली मुळे असतात. वरचा हलका खडक तसाच खाली जड थरात खोल उतरलेला असतो, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखा; म्हणून ओळंब्यावरची ओढ कमी भरते. आज भूगर्भशास्त्रात हा विचार एअरीच्या नावाने शिकवतात. चूक म्हणून वाटून टाकलेल्या पाच विकलांत हिमालयाची मुळे दडलेली होती.

१८३५ ते १८८१ अशी सेहेचाळीस वर्षे तो ग्रिनिचच्या वेधशाळेचा प्रमुख होता. शिस्त कडक. तिथे आकडेमोड करायला मुले ठेवलेली असत आणि ती सकाळी आठ ते रात्री आठ राबत. कागदाचा एकही चिटोरा तो फेकत नसे. रिकाम्या खोक्यांवर रिकामे असे लिहिण्यात त्याने एक दुपार घालवली, अशी आख्यायिका आहे. बँकेत उमेदवारी केलेल्या माझ्यासारख्याला यात हसण्यासारखे फारसे वाटत नाही. लोखंडी जहाजांवर होकायंत्र चुकते, हा प्रश्न १८३८ मध्ये त्याच्याकडे आला. जहाजाचे तोंड एका दिशेला असले की सुई पूर्वेकडे ओढली जाई, उलट दिशेला वळले की पश्चिमेकडे. सरासरी काढली तर चूक जवळजवळ शून्य आणि जहाज मात्र खडकावर. एअरीने प्रत्येक दिशेची चूक वेगळी मोजली आणि चुंबके व लोखंडाचे तुकडे बसवून ती काढली.

हा माणूस सगळीकडे बरोबर ठरला असे नाही. चार्ल्स बॅबेजचे गणनयंत्र निरुपयोगी आहे, असे मत त्याने १८४२ मध्ये सरकारला दिले. आज संगणकाच्या इतिहासात बॅबेजचे नाव पहिल्या पानावर आहे. १८४५ मध्ये जॉन अ‍ॅडम्स या तरुणाने एका अज्ञात ग्रहाचा हिशेब ग्रिनिचला आणून दिला. एअरीने एक शंका विचारली, अ‍ॅडम्सचे उत्तर आले नाही, प्रकरण रेंगाळले. सप्टेंबर १८४६ मध्ये फ्रान्सच्या ल व्हेरिएच्या गणितावरून बर्लिनच्या वेधशाळेने नेपच्यून शोधला. आपल्या देशाची संधी घालवल्याचा ठपका एअरीवर कायमचा बसला.

ग्रिनिचला त्याने उभारलेल्या दुर्बिणीतून ४ जानेवारी १८५१ रोजी पहिला वेध घेतला गेला. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत जगाने शून्य रेखांश ठरवला, तो याच दुर्बिणीतून जाणारा. भारताची प्रमाणवेळ त्याच्यापासून साडेपाच तास पुढे. उमरखेडचा सूर्य या प्रमाणवेळेपेक्षा सुमारे १९ मिनिटे मागे चालतो. देशभर एकच वेळ हीसुद्धा एक सोयीची तडजोडच आहे. १९ मिनिटांनी आपले काही अडत नाही, म्हणून ती चालते.

सरासरीच्या नंबरचेही तसेच आहे. सिलिंडर पाव किंवा अर्ध्याचा असेल, तर निम्मा करून मुख्य नंबरात मिळवला तरी बहुतेकांना फरक जाणवत नाही. कॉन्टॅक्ट लेन्समध्ये हे नेहमी करतात. उतारवयात एकदम मोठा सिलिंडर दिला आणि जमीन तिरपी भासू लागली, तर डॉक्टर सिलिंडर थोडा कमी करून निम्मा फरक मुख्य नंबरात घालतात. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वाचायच्या चष्म्यांना तर दोन्ही काचा एकाच नंबराच्या आणि गोलच असतात. ज्यांना सिलिंडर नाही त्यांचे त्यावर भागते.

पण लहान मुलांचे तसे भागत नाही. मोठा सिलिंडर असलेल्या डोळ्याकडून मुलाच्या मेंदूला वर्षानुवर्षे धुरकट चित्र मिळाले, तर मेंदू त्या डोळ्याचे ऐकणे सोडून देतो. डोळा आळशी होतो. साधारण सात-आठ वर्षांच्या आत नेमका चष्मा मिळाला तर तो सुधारण्याची आशा चांगली असते; पुढे ती घटत जाते आणि मग कितीही अचूक काच आणली तरी दृष्टी पूर्ण येईलच असे नाही. एका शिबिरात मी मुलांना एकाच मापाचे चष्मे वाटताना पाहिले आहे. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. त्या रांगेत एखादा डोळा चमच्यासारखा असेल, तर तो तसाच घरी परत गेला.

एअरीचा दोष तेविसाव्या वर्षापर्यंत लपला, कारण दुसरा डोळा काम भागवत होता. आपल्या मुला-नातवंडांचाही असाच लपतो. यासाठी घरी करण्यासारखे एक काम आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर मुलाला उभे करा, एक डोळा तळहाताने झाका आणि तारखा वाचायला सांगा. मग दुसरा झाका. दोन डोळ्यांत फरक दिसला, किंवा आडव्या रेघा स्वच्छ आणि उभ्या पुसट दिसतात असे मूल म्हणाले, तर डॉक्टरकडे जा. फरक दिसला नाही तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावीच. आणि चष्मा करताना तिन्ही रकाने भरल्याप्रमाणे काच बनली आहे ना, एवढे दुकानात विचारा.

आपल्या त्या डाव्या डोळ्याची मोजणी एअरीने पुढेही अनेक दशके चालू ठेवली आणि त्यात होत गेलेले बदल निबंधांतून मांडले. २ जानेवारी १८९२ रोजी, नव्वद वर्षांचा होऊन, तो ग्रिनिचला वारला. त्याला पुरले ते मात्र प्लेफर्डला, मामाच्या गावी.